सैलकाळ

महानंदाबाई बिराजदारांनी रुग्णालय बचाव समितीचा राजीनामा दिला तो एका सोमवारी सकाळी, आपल्याच घरात, समितीच्या चौदा बायकांसमोर.

"दवाखाना बाहेर गेला पाहिजे असं मला वाटायलंय," त्या म्हणाल्या. "मनात एक आणि माईकवर एक, असं मला जमणार नाही. म्हणून मी बाजूला होते."

सतरंजीवर बसलेल्या बायकांना वाटलं, सिस्टर काहीतरी वेगळं सांगत आहेत आणि आपल्याला नीट ऐकू आलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात कपांचा ट्रे घेऊन उभी असलेली त्यांची मुलगी प्रणिता मात्र नीट ऐकत होती.

तेरणगाव जिल्ह्याचं ठिकाण झालं त्याला सहा वर्षं झाली होती. शहर बायपासपर्यंत पसरलं होतं, पण बाजारपेठेतला जुना स्त्री दवाखाना होता तिथेच होता. महानंदाबाईंनी तिथे एकतीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली होती. तो बंद करून अकरा किलोमीटरवरच्या नव्या संकुलात हलवायचा, असा प्रस्ताव आला होता. असे मोठे स्थानिक प्रश्न आता नव्या कायद्याप्रमाणे नागरिकांच्या मतदानाने सुटत. त्याला 'नागरी कौल' म्हणत. कौलाला एकोणीस दिवस उरले होते, आणि दवाखाना हलू नये म्हणून तीन महिने गल्लोगल्ली बोलणाऱ्या बाईने आज पक्ष बदलला होता.

बायका गेल्यावर प्रणिताने विचारलं, "आई, काय झालं?"

"काय व्हायचंय? मत बदललं."

"कधी?"

"तुला आता तारीख पाहिजे का?" महानंदाबाई सतरंजीची घडी घालत म्हणाल्या. मग थोड्या नरमल्या. "रत्नमालाचा फोन आला होता. निलंग्याची. माझ्यासोबत पंधरा वर्षं ड्यूटी केली तिनं. तिची सून आपल्या दवाखान्यात बाळंत झाली फेब्रुवारीत. रक्तस्राव थांबेना. रक्तपेढी नाही, रक्त दुसरीकडून आणायचं म्हणलं तर भाजीबाजारात ॲम्ब्युलन्स अडकलेली. वाचली पोरगी, पण कशीबशी. मी ऐकलं आणि मला वाटलं, आपण कशासाठी भांडायलोय? दवाखान्यासाठी, का आपल्या आठवणींसाठी?"

यात चुकीचं काहीच नव्हतं. उलट प्रणिताला आनंद व्हायला हवा होता. माणसं मत बदलतात हे सिद्ध करण्यात तिच्या आयुष्याची अकरा वर्षं गेली होती.

डॉ. प्रणिता बिराजदार तेरणगावच्या विद्यापीठात नवमाध्यमं आणि राजकीय संवाद हा विषय शिकवायची. वय एक्केचाळीस. लग्न केलं नव्हतं. करायचं नाही असंही ठरवलं नव्हतं, प्रबंधाच्या नादात ते राहून गेलं. ज्या काळात सगळे म्हणत होते की फोनने माणसांची डोकी बंद केली, जो तो आपापल्या कंपूत बसून ओरडतो, त्या काळात तिने उलटा प्रश्न विचारला होता. तरीही कधीतरी कुणीतरी मत बदलतंच ना? मग ते नेमकं केव्हा?

त्यासाठी तिने सहाशे चाळीस माणसं गोळा केली. त्यांच्या फोनवर एक साधा कीबोर्ड टाकला. माणूस काय लिहितो ते हा कीबोर्ड साठवत नसे. कसं लिहितो ते साठवायचा. दोन अक्षरांमध्ये किती वेळ गेला, लिहिलेलं किती वेळा खोडलं, 'पाठवा' या खुणेवर बोट किती वेळ थांबलं, आणि बोलून लिहिणारा असेल तर शब्दांच्या मध्ये श्वास किती वेळ अडकला. विषय कोणता, एवढीच एक ढोबळ खूण सोबत असे. दर पंधरवड्याला ती प्रत्येकाला तेच बारा प्रश्न विचारायची आणि मत बदललं का ते पाहायची.

चौदा महिन्यांनी आकड्यांतून एक आकृती वर आली. ज्याचं मत बदललं, त्याच्या लिहिण्याची चाल त्याआधी काही तास बदललेली असे. त्या एका विषयावर लिहिताना बोटं रेंगाळत, वाक्यं खोडली जात, पुन्हा लिहिली जात. माणसाला स्वतःला याचा पत्ता नसे. तो अजून जुन्याच बाजूने भांडत असे, पण त्याची पकड सुटलेली असे. ही अवस्था साधारण छत्तीस तास टिकायची. त्या वेळात कानावर आलेला मुद्दा आत उतरायचा. तोच मुद्दा आठवडाभर आधी किंवा नंतर आला तर वरच्यावर उडून जायचा. प्रणिताने या अवस्थेला 'सैलकाळ' असं नाव दिलं.

तिची पहिली सहभागी तिची आईच होती. शोध लागल्यावर प्रणिताने तिला तो समजावून सांगितला तेव्हा महानंदाबाई म्हणाल्या होत्या, "यात काय नवीन? बाळंत व्हायच्या आधी बाई एकदम गप्प होते. आरडाओरडा करणारीसुद्धा. आम्ही बघूनच ओळखतो, की आता हिला एकटं सोडायचं नाही."

प्रबंध गाजला. माणसाबद्दल आशा वाटावी असा शोध, असं सगळे म्हणाले.

आणि दोन वर्षांपूर्वी विद्यापीठात एक नवं अभ्यास केंद्र उभं राहिलं. प्रचाराचा सल्ला विकणाऱ्या 'समतोल संवाद' नावाच्या कंपनीने त्याला आधार दिला होता. 'ओळख' हे ॲप याच कंपनीचं. ते फोनमधल्या नंबरांची वही सांभाळायचं, वाढदिवस सांगायचं, आणि त्याचा मराठी कीबोर्ड इतका चांगला होता की जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक फोनवर तोच असे. कंपनीला प्रणिताच्या नोंदी हव्या होत्या. तिचे मार्गदर्शक डॉ. उमाटे तेव्हा म्हणाले होते, "नावं काढूनच द्यायच्या. नुसत्या वेळा. त्यात कुणाचं काय जाणार?" सहभागींच्या संमतीपत्रावर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं होतं. प्रणिता दोन दिवस घुटमळली आणि तिने सही केली. आता त्याच केंद्राच्या संचालकपदासाठी तिची मुलाखत होती, तेवीस तारखेला. ती नावापुरतीच आहे, असं सगळे म्हणत होते.

सतरंजीची घडी कपाटात गेली तरी प्रणिता दारातच उभी होती. "रत्नमाला मावशी तुला आधी कधी फोन करायच्या?" तिने विचारलं.

"अगं, चार वर्षं झाली बोलून."

दुसऱ्या दिवशी ती बसने निलंग्याला गेली.

रत्नमाला मावशींना तिला बघून भरून आलं. त्यांनी सुनेला बोलावलं, नातू प्रणिताच्या मांडीवर दिला. सगळं खरं होतं. सून खरी, रक्तस्राव खरा, भाजीबाजारात अडकलेली ॲम्ब्युलन्सही खरी.

"मावशी, तुम्हाला अचानक आईची आठवण कशी झाली?"

"मेल्या या फोननंच केली," त्या हसून म्हणाल्या आणि त्यांनी ॲप उघडून दाखवलं. तिथे आठवण अजून होती. *महानंदा बिराजदार. बरेच दिवस बोलणं नाही. आज दुपारी फोन करायचा?* खाली तारीख होती, गेल्या बुधवारची. वेळ दुपारी पाऊणची.

"मावशी, या ॲपनं तुम्हाला कधी दवाखान्याबद्दल विचारलं होतं का?"

"विचारलं होतं की. 'तुमच्या भागातले प्रश्न' म्हणून येतंय ना काहीतरी. दवाखाना हलवावा का? मी म्हणलं, हलवा बाबा एकदाचा." त्या थांबल्या. "का गं? माझं काही चुकलं का?"

"नाही मावशी. तुमचं काही चुकलं नाही."

परतीच्या बसमध्ये प्रणिताने समितीतली एकेक बाई आठवून पाहिली. समितीतल्या आणखी तीन बायका गेल्या पंधरवड्यात गळाल्या होत्या. तिने एकेकीला सहज विचारावं तसं विचारलं. एकीला तिच्या माहेरच्या शेजारणीचा फोन आला होता. दुसरीला शाळेतल्या बाईंचा. तिसरीचा धाकटा दीर पुण्याहून बोलला होता, दोन वर्षांच्या अबोल्यानंतर. तिघींनाही कुणी खोटं सांगितलं नव्हतं.

उरला होता एकच पुरावा. कायद्याप्रमाणे कोणालाही आपल्या लिहिण्याची, आणि आपली आठवण कुणाकुणाला करून दिली त्याचीही, नोंद कंपनीकडून मागवता येत असे. महानंदाबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या तेव्हा त्यांचा फोन टेबलावर होता. प्रणिताने तो उचलला, आईच्या नावाने मागणी पाठवली, आणि वीस मिनिटांनी आलेली नोंद आपल्या संगणकावर घेऊन फोन होता तिथे ठेवला. आपण विचारायला हवं होतं, हे तिला फोन उचलतानाही कळत होतं.

आलेख काढायला वेळ लागला नाही. ती आकृती तिने हजारदा पाहिली होती. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, बहुधा सभेचं भाषण लिहिताना, आईची बोटं रेंगाळू लागली होती. एक वाक्य अकरा वेळा खोडलेलं होतं. त्या वेळी आई बाहेरच्या खोलीत होती, प्रणिता आतल्या. आईच्या मनात असं काही चाललंय याचा तिला मागमूसही नव्हता. समतोल संवादला होता, आणि नव्या संकुलाच्या बाजूचा प्रचार त्यांच्याकडेच होता. अठरा तासांनी, बुधवारी दुपारी पाऊण वाजता, त्यांनी रत्नमाला मावशींना आठवण केली.

आणि दवाखाना जिथल्या तिथे राहावा असं वाटणाऱ्या, आईच्या वहीतल्या दोनशे माणसांपैकी एकालाही त्या दोन दिवसांत तिची आठवण करून दिली गेली नव्हती.

डॉ. उमाटेंनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने होते आणि खोलीतली पुस्तकं खोक्यांत भरून झाली होती. तालुक्याच्या महाविद्यालयात तासिकेवर शिकवणाऱ्या प्रणिताला त्यांनीच विद्यापीठात आणलं होतं. तिचा प्रबंध त्यांनी तीनदा शब्दन् शब्द वाचला होता.

"कुणी खोटं बोललं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"धमकी दिली? आमिष दाखवलं?"

"नाही सर."

"मग तक्रार कशाची करणार? मैत्रिणीनं मैत्रिणीला फोन केला याची?"

"कधी करायचा ते तिसऱ्यानं ठरवलं सर. आणि दुसऱ्या बाजूचा फोन येणार नाही हेही त्यानंच ठरवलं."

"प्रणिता," सर हळू आवाजात म्हणाले, "तक्रार केलीस तर पहिला प्रश्न काय येईल? त्यांना हे जमलं कसं? आणि त्या कागदावर सही तुझी आहे. माझीही आहे, पण मी चाललो. सहाशे चाळीस माणसांना तू शब्द दिला होतास. तुझी पदवीसुद्धा धोक्यात येईल. मी अडवत नाही तुला. फक्त विचार कर."

तिने विचार केला. पुढचे दोन दिवस तिने दुसरं काही केलं नाही. शनिवारी सकाळी ती विभागात जाऊन तक्रार लिहायला बसली. पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. इतक्यात फोन वाजला. मीनल कुलकर्णी, वसतिगृहातली मैत्रीण, आता कोल्हापूरला प्राध्यापक.

"सहज केला गं. तुझी मुलाखत आहे ना? इतकी वर्षं घासलीस, आता कशात अडकू नकोस. माझ्या सोबतची एक तक्रारीबिक्रारीत पडली, अजून कोर्टात फिरतेय बिचारी."

प्रणिताला बरं वाटलं. कुणीतरी आपल्या मनातलं ओळखलं असं वाटलं. तिने त्या दिवशी लिहिणं थांबवलं.

रविवारी दुपारी तिने पुन्हा सुरुवात केली, आणि तासाभरात औशाहून तिच्या मामांचा फोन आला. ते वर्षातून दोनदा बोलत. "संचालक होणार म्हणे आमची भाची! तुझ्या आईनं फार काढलंय, पोरी. तिला आता सुखाचे दिवस दाखव."

सोमवारी तिने मजकूर अर्ध्यापर्यंत नेला. 'माझ्या सहीने' हे शब्द लिहिले आणि तिची बोटं अडली. खोडले. लिहिले. पुन्हा खोडले. फोन वाजला. स्क्रीनवर डॉ. उमाटे.

"प्रणिता, मी काय म्हणत होतो, एवढी घाई करू नकोस. कौल होऊन जाऊ दे. नंतर यावर एक चांगला निबंध लिही. शास्त्रीय पद्धतीनं."

तिला त्यांचं म्हणणं पटलं. आणि पटता पटताच तिच्या अंगावर काटा आला. आपण किती सहज पटवून घेतोय, असं तिच्या मनात आलं. तिने समोरच्या पडद्यावरच्या खोडलेल्या वाक्याकडे पाहिलं. खाली कीबोर्डच्या कोपऱ्यात 'ओळख'ची छोटी हिरवी खूण होती. फोनवरचा तो कीबोर्ड विभागातल्या संगणकालाही जोडलेला असे, सगळ्यांचाच असे.

"सर," ती म्हणाली, "तुम्हाला मला आत्ताच फोन करावासा का वाटला?"

"म्हणजे? काळजी वाटली म्हणून."

"आठवण आली होती का फोनवर?"

सरांनी फोन कानापासून दूर करून पाहिला असावा.

"हो," ते म्हणाले. "'प्रणिताशी बोला' अशी. मी... मला वाटलं, मलाच काळजी वाटतेय."

"तुम्हालाच वाटतेय, सर. खोटं काहीच नाही त्यात."

"तेच तर," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर प्रणिताला खरी भीती वाटू लागली. तिला आता स्वतःचाच भरवसा वाटेना. तक्रार करू नये असं वाटलं, तर ते मीनलचं, मामांचं की तिचं? आणि करावी असं वाटलं तर? दुसरी एखादी कंपनी दुसऱ्या बाजूने हेच करत नसेल कशावरून? आपलं मन म्हणजे रस्त्यावरचं घर झालं आणि दाराला कडी नाही, असं तिला वाटत राहिलं. जेवताना आईकडे बघवेना.

शेवटी तिने फोन बंद करून गव्हाच्या डब्यात ठेवला. संगणक विभागात राहिला. तिने रजेचा अर्ज दिला आणि कागद-पेन घेऊन बसली. तीन दिवस ती कुणाशी या विषयावर बोलली नाही. पहिल्या दिवशी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं, दुसऱ्या दिवशीचं तिसऱ्या. अक्षर वाईट झालं होतं, पण म्हणणं तेच राहिलं. छत्तीस तास कधीच उलटून गेले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आईसमोर बसली आणि सगळं सांगितलं. नोंदी दिल्याचं, सही केल्याचं, निलंग्याचं. शेवटी आलेखाचा कागद पुढे सरकवला.

महानंदाबाईंनी चष्मा लावून तो बघितला. "हे काय?"

"तुझं. त्या मंगळवारचं, बुधवारचं."

"माझ्या फोनमधून काढलंस?"

"हो."

"मला विचारलंस?"

प्रणिताने नकारार्थी मान हलवली.

"मी हळदीकुंकवाला गेले तेव्हा." महानंदाबाईंनी कागद उलटा ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मला एक सांग. रत्नमालाची सून खोटी का?"

"नाही."

"रक्त मिळालं नाही हे खोटं?"

"नाही, आई."

"मग माझं मत खोटं कसं? एकतीस वर्षं हजारो बायका बघितल्या मी. मला कुणी काहीतरी सांगितलं आणि मी भुलले, असं म्हणायलीस तू?"

"तसं नाही म्हणत. तुझं मत चूक की बरोबर हे मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की ज्या दिवशी तू डळमळलीस त्या दिवशी त्यांनी एकाच बाजूचं माणूस तुझ्यापर्यंत पोचवलं. तू म्हणायचीस ना, गप्प झालेल्या बाईला एकटं सोडायचं नाही. त्यांनी तुला एकटं नाही सोडलं. पण शेजारी कुणाला बसवायचं ते त्यांनी निवडलं."

महानंदाबाईंनी उलटा ठेवलेला कागद पुन्हा सुलटा करून बघितला.

"आणि सही तुझी?"

"माझी."

"कामून केलीस?"

"मला पुढे जायचं होतं."

त्या उठल्या. कागद त्यांनी घडी घालून प्रणिताच्या हातात दिला. "जा, सांग जाऊन तिथं. पण माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस. माझ्या आईला फसवलं असं तिथं म्हणायचं नाही. मी फसलेली बाई नाही."

सुनावणी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जुन्या सभागृहात झाली. कौल अधिकारी फरहाना पटेल या चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. हाताने लिहिलेली नऊ पानं त्यांनी स्वतः वाचली होती. कंपनीच्या वकिलाचं म्हणणं छोटं होतं. आम्ही कुणालाही मत देत नाही, नुसती आठवण देतो. माणसांनी माणसांशी बोलावं यात गैर काय?

"तुमच्या आईंचं मत यांनी बदललं, असं तुमचं म्हणणं आहे?" फरहाना पटेलांनी विचारलं.

"नाही," प्रणिता म्हणाली. "माझी आई स्वतः ठरवते. पण ती कधी ठरवतेय हे यांना माहीत होतं, आणि तिला स्वतःला माहीत नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे."

"आणि यांना ते कसं कळलं?"

सभागृहात पंखे घरघरत होते. मागच्या रांगेत विद्यापीठाचे कुलसचिव बसले होते.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "सहाशे चाळीस लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून नोंदी दिल्या. त्या मी माझ्या सहीनं यांना दिल्या. संमतीपत्रात ते बसत नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं."

वकिलाने विचारलं, याला तिच्या स्वतःच्या आलेखाखेरीज पुरावा काय? तेव्हा मागून कुणीतरी उठलं. डॉ. उमाटे होते. त्यांनी एक छापील कागद पुढे आणून टेबलावर ठेवला. त्यावर त्यांच्या फोनवरची ती आठवण होती, सोमवारची, तारीखवेळेसकट. "अशा तीन आहेत," ते म्हणाले. "तीनही त्या दिवशीच्या. तिसरी आठवण आली तेव्हा मी हिला फोन केला. माझी विद्यार्थिनी तेव्हा हीच तक्रार लिहीत होती." एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. त्यांनी प्रणिताकडे पाहिलं नाही.

कौल रद्द करता येणार नाही, असा निर्णय आला. ज्यांची मतं बदलली त्यांच्या मनात शिरून काही उलटं करता येत नाही, असं फरहाना पटेलांनी त्यात लिहिलं. पण मतदान होईपर्यंत सहा दिवस जिल्ह्यात 'ओळख'च्या आठवणी बंद ठेवण्याचा हुकूम त्यांनी दिला, आणि ज्यांना ज्यांना अशी आठवण करून फोन झाला त्यांना कंपनीने तसं लेखी कळवावं असंही सांगितलं. शहरात अकरा हजार घरांना पत्रं गेली. काहींनी ती फाडून टाकली. काही जण त्या पत्रावरून एकमेकांशी भांडले. बऱ्याच जणांनी ॲप काढलं आणि दोन दिवसांनी कीबोर्डसाठी परत घेतलं.

तेवीस तारखेची मुलाखत झाली नाही. प्रणिताला विद्यापीठाची नोटीस आली, केंद्र चौकशीपुरतं बंद झालं आणि तिचा प्रबंध फेरतपासणीसाठी मागवला गेला. सहभागींपैकी चाळीस-पन्नास जणांनी तिला फोन केले. बहुतेक जण रागावले होते. ती प्रत्येकाचा फोन घेत होती आणि माफी मागत होती. एक रिक्षावाले काका तेवढे म्हणाले, "मॅडम, मी कधी सैल पडलो होतो ते सांगा ना. मला स्वतःला बघायचंय." त्यांना तिने त्यांची नोंद दिली.

त्या सहा दिवसांत महानंदाबाई रोज सकाळी अकराला घराबाहेर पडत. पहिल्या दिवशी त्या जुन्या दवाखान्यात जाऊन दिवसभर बाकावर बसल्या, असं कुणीतरी प्रणिताला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बसने नव्या संकुलात गेल्या आणि तशाच बसने परत आल्या, बाजारहाट करणाऱ्या बायकांसोबत उभ्याने. एक दिवस निलंग्याला गेल्या. एक दिवस समितीच्या अध्यक्षीणबाईंकडे गेल्या, आणि तिथून मोठ्या आवाजात बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू आलं म्हणे. घरी आल्या की हातपाय धुऊन भाजी निवडायला बसत. प्रणिताशी कामापुरतं बोलत.

मतदानाला दोघी सोबत गेल्या. शाळेच्या व्हरांड्यात वेगवेगळ्या रांगा होत्या. प्रणिताचं आधी झालं. ती फाटकाशी थांबली. महानंदाबाई पडद्याआड बराच वेळ होत्या, इतका की केंद्रावरच्या बाईंनी हाक मारून विचारलं, "आजी, काही अडचण?" आतून उत्तर आलं, "नाही. थांबा जरा."

परतताना त्या दवाखान्याबद्दल काही बोलल्या नाहीत. चपलेचा पट्टा तुटायला आलाय, एवढंच म्हणाल्या.

निकाल तिसऱ्या दिवशी सकाळी लागला. दवाखाना हलवण्याच्या बाजूने कौल गेला, दोन हजार तीनशे अठरा मतांनी. पत्रं गेलेली घरं अकरा हजार. सहा दिवसांचा तो हुकूम निघाला नसता तर फरक जास्त असता की कमी, हे कुणालाही सांगता येत नव्हतं. प्रणितालाही नाही.

दोघी ओट्यावर बसल्या होत्या. समोरच्या घरातला बालाजी फोन हातात घेऊन धावत आला.

"सिस्टर, लागला निकाल! हलणार दवाखाना!" मग त्याला आठवलं. "पण तुम्ही शेवटी कुणीकडं होता हो? आधी इकडं, मग तिकडं, आणि त्या पत्रानंतर?"

"पडदा कशाला लावतात रे मतदानाला?" महानंदाबाई म्हणाल्या.

बालाजी हसला आणि पुढच्या घरी गेला.

प्रणिताच्या मनात प्रश्न आला, ओठांपर्यंत आला. आईचा चेहरा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. ती आकृती ओळखण्यात तिने अकरा वर्षं घालवली होती. बघितलं असतं तर भुवईच्या एका हालचालीवरून, गिळलेल्या एका आवंढ्यावरून तिला कदाचित कळलंही असतं.

तिने मान वळवली, आणि आई उठून आत जाईपर्यंत ती रस्त्याकडे बघत राहिली.